जावयाची आंघोळ

दारात आली की ती आधी वास घ्यायची. बेल नाही, हाक नाही. दुधाची किटली कमरेवर टेकवायची, मान जरा वर करायची, नाक दोनदा फुरफुरवायची आणि मग आमच्याच घरात काय चाललंय ते आम्हाला सांगायची.

"गो बाय, भाजणीत धने कमी पडले हां."

"कोणाक ताप इलो? बामाचो वास येता."

"तुझ्या सुनेन पावडर बदलल्यान."

आणि बदललेली असायची! सून आतून ओरडायची, "मावशी, तुम्ही पोलिसांत का नाही गेलात हो?"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे घरातलं काही लपत नाही. आमची ही मुलुंड पश्चिमेला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी राहायची. आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडची भिंत संपली की एक मोकळा प्लॉट, त्यात तिची एक खोली आणि खोलीला चिकटून पत्र्याचा शेळ्यांचा गोठा. मूळची कुडाळकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्या प्लॉटवर राखणदाराची नोकरी मिळाली, आणि मालकाने शेळ्या पाळायला नाही म्हटलं नाही. नवरा पुढे गेला, शेळ्या राहिल्या. अंगात गाऊन, गाऊनवर ओढणी, पायात काळे रबरी बूट, असा तिचा बाराही महिन्यांचा थाट. आख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची, माझ्याहून ती जेमतेम थोडी मोठी असेल, तरी मीही मावशीच म्हणायची. ती मात्र सगळ्यांना 'गो बाय' म्हणायची, शेळ्यांना धरून.

माझी तिची ओळख डेंग्यूने करून दिली. आमच्या ह्यांना डेंग्यू झाला आणि जो येईल तो सांगे, शेळीचं दूध द्या. डॉक्टर म्हणाले, दुधाने काही होत नाही, मी सांगतो ते करा. आपण बायका काय करतो? दोन्ही केलं. हे बरे झाले. डॉक्टरांना वाटलं त्यांच्यामुळे, मावशीला वाटलं तिच्या काळ्या शेळीमुळे. मी दोघांनाही हो म्हटलं.

दूध घालायला घरोघर जायची, म्हणून कोणाचा मुलगा लग्नाचा, कोणाची मुलगी नोकरीला लागली, सगळं तिला ठाऊक. त्यातूनच ती लग्नं जमवायला लागली. फुकट बरं का. पण तिची रीत जगावेगळी. फोटो दाखवलेला तिला आवडायचा नाही.

"फोटो बघून माणूस कळता? फोटोक वास नसता."

आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या मुलाचं तिनेच जमवलं. त्याला बोलावलं कोंड्याची गोण उतरवायला. भांडुपच्या एका मुलीला बोलावलं दूध न्यायला. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मुलगी वाकली तशी एका शेळीने तिची ओढणी तोंडात धरली. हा धावला, एका टोकाला शेळी, एका टोकाला मुलगी, मधे हा. ओढणी फाटली. मावशी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती, सोडवायला गेली नाही. आई-बापांनी "पुढं काय?" विचारलं तर म्हणाली, "घाई कित्याक? आधी वास घेऊक दे." सहा महिन्यांत लग्न लागलं. चेअरमनसाहेब अजून म्हणतात, आमची सून फाटक्या ओढणीवर मिळाली.

आता शेळ्यांकडे येते. सात शेळ्या आणि एक बोकड. शेळ्यांमधली थोरली काळीकुट्ट, एका शिंगाची. आम्ही बायकांनी तिचं नाव ठेवलं होतं सासू. पाला टाकला की आधी ती खाणार. दारातून आधी ती जाणार. एखादी नवी शेळी मधे घुसली की त्या एका शिंगाने अशी ढोसणार की बस्स. मावशी म्हणायची, "ही हा म्हणून माझो गोठो चलता."

एका पावसाळ्यात बोकड पोट फुगून गेला. म्हातारा होता, पण गोठ्याचा एकुलता एक पुरुष. बोकड नाही म्हणजे शेळ्या गाभण नाहीत, गाभण नाहीत म्हणजे करडं नाहीत, आणि करडं नाहीत म्हणजे दूध नाही. एकेक शेळी आटत चालली.

तिचा मुलगा पनवेलला असायचा. एसी दुरुस्तीचा त्याचा धंदा, स्वतःचा फ्लॅट, बायको चांगली. पोरगा सोन्यासारखा, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. तो कधीपासून मागे लागला होता. आता त्याने हट्टच धरला.

"आई, पुरे झालं ना आता. गुडघे बघ तुझे. बोकडपण गेला. देवानेच सांगितलं समज."

"देव काय बोकडाच्या तोंडान बोलता?"

पण दमली होती ती. डोंगरावरून सुबाभळीचा पाला आणताना मधेच बसायची. शेवटी तिने शब्द दिला. मी तिथेच होते. ती म्हणाली, नवा बोकड आणते. दिवाळीपर्यंत शेळ्या गाभण राहिल्या तर मी इथे. नाही राहिल्या, तर सगळ्या विकून तुझ्याकडे येते.

मुलगा गेल्यावर मी म्हटलं, "अगं, असा शब्द कशाला दिलास?"

"दिलंय म्हणजे दिलंय. लग्ना जुळवणारी मी. मीच बोली मोडलंय तर माका कोण इचारतलो?"

गणपती गेले आणि नवा बोकड आला. शहापूरकडच्या एका शेळीवाल्याकडून, तीनचाकी टेम्पोतून. तपकिरी अंग, एक कान पांढरा, हनुवटीला झोकदार दाढी. दिसायला एकदम झकास! पण टेम्पो वळणावर असतानाच त्याचा वास आमच्या गेटात पोचला होता. तुम्ही माजावर आलेला बोकड कधी जवळून हुंगलाय का? नसेल तर हुंगू नका. जुनं चीज, घामट मोजे आणि अजून काहीतरी, जे मी इथे लिहीत नाही.

चेअरमनसाहेब दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नाकाला रुमाल लावून उभे. जुन्या बोकडाच्या वासापायी त्यांनी दोन वर्षं डोकं खाल्लं होतं. मावशीने त्यांना आधीच कबूल केलेलं, "ह्या टायमाक वास येवचो नाय. माझी जबाबदारी."

आणि ती जबाबदारी तिने कशी पार पाडली म्हणता? तिने आम्हा बायकांना जमवलं आणि म्हणाली, "आमच्या घराक जावय इलो. घरजावय! लग्नाआधी न्हाऊक नको?"

मग काय विचारता! नवऱ्यामुलाला हळद लागते, तशी त्याला लागली. मी गेल्या दिवाळीचं उरलेलं उटणं नेलं. कोणी शिकेकाई आणली. चेअरमनची सून, तीच ओढणीवाली, तिने आपला शाम्पू आणला. दोघी शिंगं धरून, दोघी पाणी ओतायला, मावशी हाताने चोळतेय आणि दम देतेय, "मेल्या, नीट उभो रव! लगीन तुझा हा, माझा नाय!" तो बें बें करून करून गप्प झाला. मग पुसून, ओवाळून, कपाळाला कुंकू लावून त्याला गोठ्याच्या दारात उभा केला. मला सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी उखाणा घेतला:

"मुलुंडच्या डोंगरावर सुबाभळीचा पाला,
सासूबाईंच्या गोठ्यात आज जावई आला!"

हसून हसून पुरेवाट. आणि बोकडाला खरंच चंदनासारखा वास येत होता हो.

पण एकदम आत सोडला नाही. एवढं तिला कळत होतं. मधे बांबू आणि जाळी लावून गोठ्याचे दोन भाग केले. इकडे हा, तिकडे त्या. जाळीतून एकमेकांना बघा, ओळख करून घ्या, मग जाळी काढू. तिचं ठरलेलं वाक्य होतंच, "घाई कित्याक?"

सासू जाळीशी आली. नाक लावलं. फुर्रकन शिंकली आणि जाळीला अशी धडक मारली की बांबू हलला. मग पाठ फिरवून पाला खायला लागली. तिची पाठ बघून बाकीच्या सहाजणींनी पाठी फिरवल्या.

पहिला दिवस आहे, म्हणून आम्ही सोडून दिलं. आठवडा गेला, तरी तेच. मावशी रोज सकाळी बोकडाला साबण लावून आंघोळ घालायची, चेअरमनला शब्द दिलेला ना! रोज तो चकचकीत होऊन जाळीशी उभा राहायचा आणि रोज शेळ्या त्याच्याकडे अशा बघायच्या जसं आपण सेल्समनकडे बघतो. एक शेळी होती, चंद्री नावाची. ती माजावर आली. शेपटी हलवतेय, बें बें करून गल्ली डोक्यावर घेतेय, पण तोंड कुठे? रस्त्याकडे! नवरामुलगा मागे दोन हातांवर, आणि ही रिक्षा स्टँडकडे बघून हाका मारतेय. मावशीने जाळी बाजूला करून तिला पुढे ढकललं, तर सासू मधे आली आणि जावयाला कोपऱ्यात रेटून उभी राहिली. चंद्रीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मावशी, स्थळ चुकलं गं!" आमच्यातली एकजण बोलून गेली.

एरवी मावशीने तिला शेळीच्या भाषेत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसती पाण्याची बादली उचलली आणि आत गेली.

नवरात्र बसलं. चंद्रीचा माज उतरला. अजून दोघींचा तसाच गेला. आता मावशी दारात आली तरी वास घेत नव्हती. आटत आलेलं दूध मापायची, निघायची. एका सकाळी मी गोठ्यात गेले तर ती जादा दावी गुंडाळून एका गोणीत भरत होती.

"हे काय गं?"

"काय नाय. इकूचा झाला तर सगळा एका जागी बरा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "झीलाच्या फ्लॅटात चौदाव्या माळ्यार काय वास येतलो गो? थंय तर माशीपण लिफ्टीन येता."

मी म्हटलं, "त्या शहापूरवाल्याला फोन तरी लाव. त्याचा बोकड, त्यालाच विचार."

तिने फोन लावला. स्पीकरवर ठेवून खाली ठेवला, कारण हात ओले होते, बोकडाच्या आंघोळीची वेळ झालेली. शेळीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. खाणं काय, विचारलं. लंगडतोय का, विचारलं. मग म्हणाला, "मावशी, तो पाण्याचा आवाज कसला येतोय?"

"तेका न्हाऊक घालतंय."

"कोणाला?"

"जावयाक. रोज घालतंय. साबण लावून."

मला वाटलं फोन कट झाला. आणि मग तो जो हसायला लागला! "अहो मावशी, बोकडाचा वास म्हणजे त्याची पत्रिका! ती तुम्ही रोज साबणाने धुताय, मग शेळ्यांनी काय बघून हो म्हणायचं? त्यांना वाटत असेल, ही कोण नवीन शेळी दाढी लावून आलीय!"

मावशी उलट्या बादलीवर बसली. साबण हातातून सुटून बोकडाच्या पायाशी गेला, त्याने तो चाटून पाहिला. तिने माझ्याकडे बघितलं, बोकडाकडे बघितलं.

"गो बाय," ती म्हणाली, "आख्ख्या मुलुंडाक वास घेऊक सांगतंय मी. आणि माझ्याच जावयाक कोरो करून ठेवलंय!"

आणि हसली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. ओढणीने डोळे पुसत पुसत हसली, मी भिंतीला धरून.

पण हसणं झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आंघोळ बंद म्हणजे वास सुरू. आणि वास येणार नाही असा शब्द दिलेला. दोन शब्द एकमेकांच्या आड आले. मुलाला दिलेला पाळायचा तर चेअरमनला दिलेला मोडायचा. ती ओढणी नीट करून, बूट बाहेर काढून, चेअरमनकडे गेली. मीही गेले मागोमाग.

"साहेब, शब्द परत घेऊक इलंय," ती म्हणाली. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दिवाळीपर्यंत बोकडाक वास येतलो. लय येतलो. तुमी नाय म्हटलात तर मी उद्याच सगळी इकतंय."

"दिवाळीपर्यंत?" साहेब खुर्चीतून उठले. "अहो, दिवाळीत पाहुणे येतात माझ्याकडे!"

"त्यांका सांगा, शेजारी लगीन असा."

साहेब काही बोलणार, इतक्यात सून चहा घेऊन आली. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "पप्पा, मागच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवू ना. आणि मावशी, तुम्ही विकायचं नाव काढू नका. माझी ओढणी अजून भरून द्यायचीय तुमच्या शेळीने."

साहेब खिडकीकडे गेले. खाली बघितलं. "महिनाभर," म्हणाले. "आणि जिन्यात उदबत्ती मी लावणार नाही, सोसायटी लावेल."

मग आमच्या बिल्डिंगने काय काय केलं ते तुम्ही बघायला हवं होतं. मागच्या सगळ्या खिडक्या बंद. कपडे पुढच्या गॅलरीत, एकमेकींच्या दोरीवर. तळमजल्यावर लिंबाच्या साली, पहिल्यावर कापूर. चकली तळायची ती सगळ्यांनी एकदमच, म्हणजे वासाला वास मारतो. पार्सलवाला पोरगा रोज गेटवर विचारायचा, "आंटी, गटर फुटा क्या?" आम्ही सांगायचो, "नाही रे बाबा, जावई आलाय." एकदा बोकडाने सगळ्यांदेखत आपल्याच दाढीवर... जाऊ दे. साहेबांनी खिडकी लावून घेतली, एवढंच सांगते. पण तक्रार? एकाचीही नाही.

आणि गोठ्यात हवा पालटली. बोकड मान ताणून वरचा ओठ मुडपून उभा राहायला लागला, जसा काही तो त्या प्लॉटचा मालक. शेळ्यांचे कान त्याच्याकडे वळले. पहिली आली सासूच. जाळीला नाक लावून किती तरी वेळ उभी. या वेळी शिंकली नाही.

मावशीने माझा दंड घट्ट धरला होता. "काढू जाळी?" तिने विचारलं. मला! जन्मात तिने कोणाला असं विचारलं नसेल.

"काढ," मी म्हटलं.

जाळी निघाली. सासू दोन पावलं मागे सरली आणि एका शिंगाने त्याला दिली ठोकून. त्यानेही डोकं लावलं. खाड! खाड! आम्ही श्वास धरलेला. तिसऱ्यांदा त्याने मान खाली घातली आणि बाजूला झाला. शहाणा होता. सासूने त्याला एक फेरी मारली, गव्हाणीकडे गेली, पाल्यात तोंड घातलं, आणि तो शेजारी येऊन खायला लागला तेव्हा तिने त्याला हाकलला नाही. मागून चंद्री आली. मग बाकीच्या, एकेक करून. रिक्षा स्टँडकडे आता कोणी बघत नव्हतं.

मावशीने माझा दंड सोडला. बोटांचे लाल वळ उठले होते.

मुलगा दिवाळीत आला. फराळ घेऊन आला आणि एका व्यापाऱ्याशी बोलूनही आला होता. आल्या आल्या नाक धरलं. "आई, काय मेलंय इथे?"

"मेला नाय, जगला!"

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. बहुतेक सगळ्या गाभण राहिल्या होत्या. ज्या राहिल्या त्या आता जावयाला जवळ उभा करत नव्हत्या, आणि तो बिचारा कोपऱ्यात पाला चघळत होता. मुलगा गोठ्यात फिरला. एकेका शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी ह्याच गोठ्यात वाढलेला तो.

"मला काय तुझ्या शेळ्या विकायच्यात का गं?" तो म्हणाला. "पावसात पत्रा वाजला की मला पनवेलला झोप येत नाही. तू इथे एकटी."

"एकटी?" मावशीने आमच्या बिल्डिंगकडे हात केला. मागच्या खिडक्या अजून सगळ्या बंद होत्या, ऐन दिवाळीत. "ह्या येवढ्या माणसांनी महिनाभर नाका दाबून धरल्यानी, ती कोणासाठी रे?"

त्याने त्या बंद खिडक्या एकेक करून बघितल्या. मग व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणाला. रात्रीचं जेवण आमच्याकडेच झालं. त्याच्या शर्टाला वास येत होता. मी त्याला अजून एक पोळी वाढली.

शिमग्याच्या सुमाराला करडं झाली. पांढऱ्या कानाची, काळी, ठिपक्याठिपक्यांची. जिन्यात करडं, पार्किंगमध्ये करडं, एक तर लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावर गेलं आणि चेअरमनसाहेबांच्या कोचावर बसलं. साहेब त्याला काखेत मारून खाली आले, "कोणाचं आहे हे?" विचारत. कोणाचं म्हणजे? पण ते करडाचा कान कुरवाळत होते, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं.

असं चांगलं चाललं दोन-तीन वर्षं. मग त्या प्लॉटला पत्रे लागले. आता तिथे टॉवर होतोय. मालकाने आधी सांगितलं होतं, त्याचं काही चुकलं नाही. मला वाटलं, आता पनवेल. पण मुलाने पनवेलचा प सुद्धा काढला नाही. रविवार रविवार करून, रात्रीच्या गाडीने जाऊन, त्याने कुडाळकडच्या त्यांच्या घरामागे गोठा उभा केला. चांगला पक्का, उताराचा, वारा येईल असा. जाळीचा भागसुद्धा केला म्हणे, पुढच्या जावयासाठी.

निघायच्या सकाळी आम्ही सगळ्या खाली उतरलो. विधवेची ओटी भरू नये म्हणतात. आम्ही भरली. चेअरमनच्या सुनेने तांदूळ घातले, मी नारळ आणि खण, कोणी गूळ, कोणी केळी. मुलाने टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी तिच्यासाठी उशी ठेवली होती. ती तिकडे गेलीच नाही. मागे चढली, शेळ्यांच्या मधोमध, कोंड्याच्या गोणीवर बसली, मांडीवर ती भरलेली ओटी. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी आपली म्हटलं, "पोचलीस की फोन कर हं."

"करतंय गो, करतंय."

टेम्पो सुरू झाला तशी पहिली मान सासूने घातली, थेट ओटीत. मग चंद्रीने. मग करडांनी. मावशी दोन्ही हातांनी तांदूळ सावरतेय, केळी वर धरतेय आणि ओरडतेय, "अगो मेल्यांनो, निदान मुलुंड तरी सरांदे!" आम्ही गेटातून हात हलवत होतो. टेम्पो वळेपर्यंत हलवत होतो. तिला हात हलवायला जमलंच नाही, एकही हात रिकामा नव्हता.